हिवाळ्याची छायाचित्रे आणि हौशी छायाचित्रकार

हौशी छायाचित्रकार एकत्र जमले म्हणजे बहुधा एक गोष्ट घडते. नुकत्याच सरलेल्या ऋतूत प्रत्येकाने जी छायाचित्रे काढली असतील, त्यांपैकी त्याला सर्वांत अधिक आवडलेली एक-दोन तो इतरांपुढे ठेवतो. इतर ती निरखून पाहतात, प्रश्न विचारतात, कधी स्तुती करतात, तर कधी दोष दाखवितात. पूर्वी ही चित्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टेकून ठेवीत किंवा दीपयंत्राने पडद्यावर दाखवीत. आज ती पुष्कळदा खिशातील दूरध्वनीच्या पडद्यावरच दाखविली जातात. साधन बदलले असले तरी या देवाणघेवाणीचे स्वरूप फारसे बदललेले नाही.

अशा वेळी हिवाळ्यातील चित्रांना विशेष मान मिळतो. त्याचे एक कारण असे की, ती काढण्यासाठी छायाचित्रकाराला थोडे तरी कष्ट सोसावे लागलेले असतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हिवाळ्यात पुष्कळसे तपशील आपोआप झाकले जातात. बर्फ जमीन झाकतो, धुके क्षितिज झाकते आणि पाने झडलेले झाड केवळ रेषांचे बनते. एरवी चित्रात जी गर्दी होते ती निसर्गच दूर करतो. त्यामुळे नवशिक्यालाही चांगले चित्र मिळण्याची शक्यता वाढते.

परंतु ‘आवडते’ या शब्दात निवड अभिप्रेत आहे आणि निवड म्हटली की काहीतरी वगळणे आलेच. समोर ठेवलेल्या एका चित्रामागे न दाखविलेली पन्नास चित्रे असतात. ते एक चित्र त्या हिवाळ्याविषयी खरे सांगते काय, हा प्रश्न वरवर पाहता पांडित्याचा वाटेल. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हौशी छायाचित्रकारांना आणि शास्त्रज्ञांनाही तो अनेकदा भेडसावला आहे. या प्रकरणात आपण त्याचा थोडक्यात विचार करू.

पांढरा बर्फ करडा का होतो?

बर्फाचे चित्र प्रथमच काढणाऱ्याची बहुधा निराशा होते. डोळ्यांना झगझगीत पांढरा दिसलेला बर्फ चित्रात मळकट, राखेच्या रंगाचा येतो. हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे, तसाच फिल्मचाही नव्हे. तो प्रकाशमापक ज्या गृहीतकावर काम करतो त्या गृहीतकाचा परिणाम आहे.

प्रकाशमापक समोरच्या दृश्यावरून परत येणारा प्रकाश मोजतो. दृश्य पांढरे आहे की काळे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो असे धरून चालतो की, कोणतेही दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. छायाचित्रणात या मध्यम करड्यासाठी साधारणपणे 18 टक्के परावर्तन हा आकडा वापरतात. घरे, झाडे, माणसे, रस्ते असलेल्या नेहमीच्या दृश्यात हे गृहीतक बरेचसे बरोबर ठरते. ताजा बर्फ मात्र आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के प्रकाश परत फेकतो. एवढा प्रकाश येतो याचा अर्थ ऊन फार प्रखर आहे, असा चुकीचा निष्कर्ष मापक काढतो आणि आत येणारा प्रकाश कमी करावयास सांगतो. परिणामी बर्फही मध्यम करडा होऊन बसतो.

उपाय सोपा आहे. मापक जेवढा प्रकाश द्यावयास सांगेल त्याच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत प्रकाश द्यावा. म्हणजे छायाचित्रकारांच्या भाषेत एक ते दोन ‘स्टॉप’ अधिक. झडप दुप्पट वेळ उघडी ठेवली की एक स्टॉप वाढतो. चौपटीच्या पलीकडे सहसा जाऊ नये. कारण मग बर्फावरील बारीक उंचसखलपणा, पावलांचे ठसे, वाऱ्याने उमटविलेल्या लहरी हे सारे कोऱ्या कागदासारखे नाहीसे होते. हल्लीचे काही कॅमेरे दृश्य बर्फाचे आहे हे ओळखून स्वतःच ही दुरुस्ती करतात. तथापि त्यामागील कारण माहीत असणे केव्हाही चांगले.

अशीच दुसरी तक्रार रंगीत चित्रांबाबत असते. बर्फावरच्या सावल्या निळ्या येतात आणि पाहणाऱ्यांना तो रंग खोटा वाटतो. वास्तविक तो खोटा नसतो. उन्हातील बर्फावर सूर्याचा प्रकाश पडतो; सावलीतील बर्फावर मात्र मुख्यतः निळ्या आकाशाचा प्रकाश पडतो आणि पांढरा बर्फ तो जसाच्या तसा परत पाठवितो. आपला मेंदू बर्फ पांढरा असतो हे जाणून तो निळेपणा मनातल्या मनात पुसून टाकतो. कॅमेऱ्याला अशी समजूत नसते. म्हणजे पहिल्या उदाहरणात कॅमेरा चुकतो आणि डोळा बरोबर असतो. दुसऱ्यात कॅमेरा बरोबर असतो आणि डोळा आपली समजूत घालतो. ‘मी पाहिले तसेच चित्र आले’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ही दोन्ही उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

हिमवादळातील तीन तास

हौशी छायाचित्रकारांच्या इतिहासात हिवाळ्याचे एक चित्र फार प्रसिद्ध आहे. ते आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी 22 फेब्रुवारी 1893 रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काढले. त्या दिवशी शहरात हिमवादळ चालू होते. स्टिग्लिट्झ यांच्याजवळ उसना घेतलेला, हातात धरावयाचा एक छोटा कॅमेरा होता. गंभीर छायाचित्रकाराने तिपाईवर ठेवलेला मोठा कॅमेराच वापरला पाहिजे, अशी त्या काळी समजूत होती. हातातला कॅमेरा म्हणजे सहलीला जाणाऱ्यांचे खेळणे. अशा त्या कॅमेऱ्यानिशी स्टिग्लिट्झ तीन तास वादळात उभे राहिले आणि मनाजोगा क्षण येण्याची त्यांनी वाट पाहिली. अखेर बर्फातून वाट काढीत, घोडे जोडलेली एक गाडी समोरून येताना त्यांना टिपता आली.

पुढे स्टिग्लिट्झ यांनी सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, त्यांनी ती काच हौशी छायाचित्रकारांच्या आपल्या मंडळात दाखविली, तेव्हा सहकाऱ्यांनी तिची थट्टाच केली. चित्र अस्पष्ट आहे, त्यात काही राम नाही, असे त्यांचे मत पडले. त्याच काचेवरून तयार केलेले मोठे चित्र जेव्हा त्यांनी पाहिले, तेव्हा त्यांचे मत बदलले.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, त्या सभासदांनी चित्राची पारख करताना केवळ रेखीवपणाचे माप लावले होते. पडत्या बर्फातून पाहिलेले दृश्य रेखीव असूच शकत नाही. अस्पष्टपणा हाच त्या दृश्याचा मुख्य गुण होता. दुसरी गोष्ट अशी की, अंतिम चित्र हे मूळ काचेचा केवळ एक भाग होते. कडेचा बराचसा भाग स्टिग्लिट्झ यांनी कापून टाकला होता. म्हणजे त्यांनी निवड दोनदा केली. एकदा तीन तासांतील एक क्षण निवडला आणि नंतर त्या क्षणाचा एक तुकडा निवडला. कोणी याला फसवणूक म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. एका माणसाला ते वादळ कसे भासले एवढेच ते चित्र सांगू पाहते. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये किती बर्फ पडला हे त्यावरून ठरवावयाचे नसते.

जेरिकोचा शेतकरी

परंतु चित्र जेव्हा पुरावा म्हणून पुढे येते तेव्हा प्रश्न इतका सोपा राहत नाही. विल्सन बेंटली यांची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

बेंटली यांचा जन्म 1865 साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील जेरिको या गावी झाला. ते शेतकरी होते आणि जन्मभर शेतकरीच राहिले. आईकडून त्यांना लहानपणी एक सूक्ष्मदर्शक मिळाला होता. त्याखाली हिमस्फटिक पाहून ते त्यांची चित्रे हाताने काढू लागले. पण चित्र पुरे होण्याआधीच स्फटिक वितळून जाई. तेव्हा सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडण्याची कल्पना त्यांना सुचली. पुष्कळ खटपटींनंतर 15 जानेवारी 1885 रोजी, वयाच्या विसाव्या वर्षात, त्यांना हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र मिळाले.

त्यांची रीत अशी होती. पडणारा बर्फ ते काळ्या रंगाच्या फळीवर झेलीत आणि त्यातून एखादा चांगला स्फटिक हेरीत. लाकडाच्या बारीक काडीने तो उचलून काचेवर ठेवीत आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच दाबून बसवीत. हे सारे काम बिनशेकोटीच्या, थंडगार खोलीत श्वास रोखून करावे लागे, कारण उच्छ्वासाच्या उबेनेही स्फटिक नाहीसा होतो. अशा रीतीने सुमारे 47 हिवाळ्यांत त्यांनी 5,000 हून अधिक छायाचित्रे काढली. त्यांच्या काचा ते पाच-पाच सेंटला विकीत. त्यात त्यांचा खर्चही निघत नसे. 1931 साली वेदरखात्यातील डब्ल्यू. जे. हम्फ्रीज यांच्या साहाय्याने त्यांच्या छायाचित्रांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या 23 डिसेंबरला न्यूमोनियाने बेंटली यांचे निधन झाले.

बर्फाचा कोणताही कण दुसऱ्यासारखा नसतो, ही आज सर्वश्रुत असलेली कल्पना लोकांच्या मनात रुजली ती प्रामुख्याने बेंटली यांच्या चित्रांमुळे. तथापि त्या चित्रांवर आक्षेपही घेतला गेला. जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमान यांनी रिचर्ड नॉयहाउस या सूक्ष्मचित्रकाराकडून हिमस्फटिकांची छायाचित्रे काढवून ती 1893 साली प्रसिद्ध केली होती. त्यांतील स्फटिक बेंटली यांच्या स्फटिकांसारखे निर्दोष नव्हते. कोणाची एक बाजू आखूड, कोणाचे टोक मोडलेले, तर कोणी दुसऱ्याला चिकटलेले. बेंटली यांनी आपल्या चित्रांत फेरफार केले आहेत, असा आरोप हेलमान यांनी केला.

आरोपात तथ्यांश होता. स्फटिक जवळजवळ पारदर्शक असल्याने मूळ चित्रात तो फिकट पार्श्वभूमीवर नीटसा उठून दिसत नसे. म्हणून बेंटली मूळ काचेची दुसरी प्रत तयार करीत आणि त्या प्रतीवर स्फटिकाच्या कडेकडेने चाकूने लेप खरवडून काढीत. असे केल्यावर छापलेल्या चित्रात पार्श्वभूमी काळीभोर येई. स्फटिकाच्या आतील रचनेला आपण हात लावीत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ काचाही ते जपून ठेवीत. पण कडेने चाकू फिरविताना कडेचा एखादा बारकावा जाणे शक्य होते, हे नाकबूल करता येत नाही.

वस्तुतः चाकूपेक्षा अधिक परिणाम त्यांच्या निवडीचा झाला होता. काळ्या फळीवर पडलेल्या शेकडो कणांतून बेंटली सममित आणि सुंदर कण निवडीत. मोडके, ओबडधोबड कण बहुधा टाकून देत. कारण स्पष्ट आहे. ते हौशी होते. जे आवडले ते त्यांनी ठेवले. त्यांनी एकही खोटा स्फटिक दाखविला नाही. तरीसुद्धा त्यांचा ग्रंथ चाळणाऱ्याची अशी समजूत होते की, आकाशातून पडणारा प्रत्येक कण सहा पाकळ्यांचे रेखीव फूल असते. खऱ्या चित्रांच्या संग्रहातून अशा रीतीने चुकीची समजूत निर्माण होऊ शकते.

न आवडलेल्या कणांचे महत्त्व

बेंटली यांच्या ग्रंथाने प्रभावित झालेल्यांत जपानचे पदार्थवैज्ञानिक उकिचिरो नाकाया हे एक होते. 1930 साली ते होक्काइडो बेटावरील साप्पोरोच्या विद्यापीठात आले. तेथे त्यांच्या मूळ विषयासाठी पुरेशी साधने नव्हती. बर्फ मात्र विपुल होता. त्यांनी बर्फाचाच अभ्यास हाती घेतला आणि सुमारे 3,000 हिमस्फटिकांची छायाचित्रे काढली. त्यांत त्यांनी ओबडधोबड, सुईसारखे, डमरूच्या आकाराचे, अर्धवट वाढलेले असे सर्व प्रकारचे कण घेतले आणि त्यांचे वर्गीकरण केले.

त्यानंतर 12 मार्च 1936 रोजी त्यांनी शीतगृहात सशाच्या केसावर कृत्रिम हिमस्फटिक वाढविला. तापमान आणि हवेतील बाष्पाचे प्रमाण बदलीत गेल्यास कोणता आकार केव्हा तयार होतो हे आता पाहता येऊ लागले. उणे 2 अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ चकत्या, उणे 5 अंशांच्या आसपास सुया आणि स्तंभ, तर उणे 15 अंशांच्या आसपास भरपूर बाष्प असताना आपल्या परिचयाचे सहा फांद्यांचे तारे तयार होतात. साहजिकच, जमिनीवर पडलेल्या कणाच्या आकारावरून तो ज्या हवेतून आला तिची स्थिती अजमावता येते. हे ज्ञान केवळ ताऱ्यांच्या आकाराचे कण निवडून कधीच मिळाले नसते. जे कण बेंटली टाकून देत, त्यांचाही येथे उपयोग झाला.

यावरून बेंटली यांचे कार्य कमी मोलाचे ठरत नाही. प्रत्येक चित्रासोबत त्यांनी त्या दिवसाचे हवामान टिपून ठेवले होते, आणि त्यांचे चित्र पाहिले नसते तर पुढील अनेकांना बर्फाकडे पाहावेसे वाटले नसते. आवड माणसाला थंडीत बाहेर काढते. त्यानंतरचे काम आवडीला नोंदीची जोड देण्याचे आहे.

आपल्याकडील हिवाळा

भारतात हौशी छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. मुंबईची छायाचित्रण संस्था 1854 साली स्थापन झाली आणि 1856 साली बंगाल व मद्रास येथेही अशा संस्था निघाल्या. हिमालयातील बर्फाची आरंभीची प्रख्यात छायाचित्रे सॅम्युअल बोर्न यांनी काढली. हे गृहस्थ इंग्लंडमध्ये बँकेत कारकून होते आणि फावल्या वेळात छायाचित्रे काढीत. पुढे हाच त्यांचा व्यवसाय झाला. 1863 ते 1866 या काळात त्यांनी हिमालयाच्या तीन मोहिमा केल्या आणि 1866 साली सुमारे 18,600 फूट उंचीच्या मनिरंग खिंडीत चित्रे घेतली. त्या वेळी काचेवर ओला लेप देऊन, तो वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावे लागे. बोटे बधिर करणाऱ्या थंडीत तंबूत बसून हे करणे किती अवघड असेल याची कल्पना करावी.

आपल्या देशातील बहुसंख्य लोकांच्या वाट्याला मात्र बर्फ येत नाही. त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. डिसेंबर-जानेवारीत अमृतसरपासून पाटण्यापर्यंतच्या मैदानात दाट धुके पडते. रात्री आकाश निरभ्र आणि वारा मंद असला म्हणजे जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. तिच्यालगतची दमट हवा थंड होऊन तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. या धुक्यात जवळचे झाड गडद, त्यामागचे फिकट आणि त्याही मागचे केवळ छायेसारखे दिसते. अंतर असे पायऱ्यापायऱ्यांनी दाखविण्याची सोय दुसऱ्या कोणत्याही ऋतूत नाही. धुकेही पांढरे असल्यामुळे येथेही मापकाने सांगितल्यापेक्षा थोडा अधिक प्रकाश द्यावा. महाराष्ट्रात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत पहाटे दव गोठते, आणि गवतावरचे ते पांढरे कण टिपण्यासाठी सूर्योदयापूर्वीच हौशी मंडळी तेथे पोहोचतात. उजाडल्यावर थोड्याच वेळात ते कण दिसेनासे होतात.

थंडीत बाहेर पडताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. थंडीने विजेऱ्यांची शक्ती मंदावते. म्हणून जादा विजेरी अंगरख्याच्या आतील खिशात, शरीराच्या उबेत ठेवावी. दुसरे म्हणजे, थंडगार झालेला कॅमेरा उबदार खोलीत एकदम उघडा आणू नये. खोलीतील बाष्प त्याच्या भिंगावर आणि आतील भागांवर दवासारखे जमते. बाहेर असतानाच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि खोलीत आणल्यावर त्याची थंडी जाईपर्यंत पिशवी उघडू नये. मग दव पिशवीवर जमते, कॅमेऱ्यावर नाही.

चित्राच्या पाठीमागे

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. मित्रांपुढे ठेवलेले आवडते चित्र खरे असते काय? स्टिग्लिट्झ यांच्या चित्रासारखे ते एका अनुभवाचे चित्र असेल, तर निवड आणि काटछाट हा त्या कलेचाच भाग आहे. ‘हिवाळा असा असतो’ असे सांगण्यासाठी ते पुढे केले जात असेल, तर मात्र काय वगळले हेही सांगितले पाहिजे. एकच चित्र दोन्ही कामे करू शकते. ते कोणत्या कामासाठी ठेवले आहे हे पाहणाऱ्याला कळावे, एवढीच अपेक्षा आहे.

यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. चित्राच्या पाठीमागे किंवा वहीत तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे. जमल्यास तापमान लिहावे. चित्र कापले असल्यास, काही पुसले असल्यास तसे नमूद करावे. त्याच जागी, त्याच दिवशी काढलेली एक-दोन न आवडलेली चित्रेही जपून ठेवावीत. दरवर्षी एकाच जागेवरून, एकाच सुमारास एक चित्र घेण्याची सवय लावून घेतली तर फारच उत्तम. हवामान बदलत असताना, कोणत्या वर्षी त्या उतारावर बर्फ होता आणि कोणत्या वर्षी नव्हता, हे सांगणारी अशी घरगुती चित्रे मोलाची ठरू शकतात. पण तारीख नसलेले अत्यंत सुंदर चित्रही याबाबतीत मुके असते. आणि बर्फ नसलेल्या वर्षाचे चित्र कोणालाच आवडणारे नसल्याने ते काढण्याची आठवण मुद्दाम ठेवावी लागते.

पुढच्या वेळी मित्रमंडळीत एखाद्याने हिवाळ्याचे आपले आवडते चित्र पुढे केले, तर त्याची मनमोकळी स्तुती जरूर करावी. तो पहाटे उठला होता, त्याची बोटे गारठली होती आणि त्याने धीर धरला होता. त्यानंतर त्याला विचारावे, ‘हे केव्हाचे? आणि त्या दिवशीची बाकीची चित्रे कोठे आहेत?’ पुष्कळदा खरे संभाषण त्या प्रश्नापासून सुरू होते.